चोथा

रात्री अकराला मी भट्टी पेटवतो.
ओक. दोन उन्हाळे वाळलेला.
ओंडक्यावर ओंडका आपटला की खण्णकन वाजला पाहिजे;
ठप्प वाजला तर तो अजून झाडच आहे,
त्याला परत ढिगात ठेवायचं.
एवढंच रूफसमामानं शिकवलं.
बाकीचं, म्हणाला, धूर सांगेल.
धूर फारसा बोलका नाही.

पलीकडे, कापसाच्या जुन्या जिनिंगमध्ये
पहाटे चारला व्लास्ता येते,
रबरी बूट, ओले केस, कानामागे पेन्सिल.
तिच्या पिंपात सातू भिजतो, तापतो,
आणि अंगणाच्या मध्यावर कुठेतरी
तिची वाफ माझ्या धुराला भेटते.
आम्ही नुसते हात वर करतो.
त्या वेळी बोलणं म्हणजे उधळपट्टी.

सातूचा रस तिचा.
चोथा अल्विन कोपेत्स्कीचा.
सहाला तो ट्रेलर मागे घेतो,
फावड्यानं ओढतो तो गरम, गोडसर लगदा,
चष्म्यावर वाफ धरते, पुसत नाही.
‘पोरींचा नाश्ता,’ म्हणतो.
ट्रेलरचा खडखडाट ऐकला की
कालवडी म्हणे कुंपणाला येऊन भिडतात,
एकमेकींना ढुशा देत.
आणि त्यांतलीच एखादी
कधीतरी माझ्या ओट्यावर येते.
आम्ही लपवत नाही. फळ्यावर खडूनं लिहिलंय:
ब्रिस्केट. कोपेत्स्कींचं कुरण. सहा मैल.

अकराला दार उघडतं.
चर्चमधल्या गायकमंडळातल्या बायका,
तेलविहिरीवरून सुटलेली पोरं, कानांत अजून घरघर,
ऑस्टिनहून आलेलं एक जोडपं,
जे खाण्याआधी खाण्याचे फोटो काढतं.
मी विचारतो, कोरडं की चरबीचं?
बहुतेक जण आधी बायकोकडे बघतात.
सुरी लावली की काळी साल चुरचुरते,
आत गुलाबी कड, नखाएवढी,
मग मांस असं थरथरतं, की
बारा तास जागल्याचं मला विसरायला होतं.
खाकी कागद, कच्चा कांदा, लोणच्याची काकडी,
पावाचे दोन पांढरे, निरुपयोगी तुकडे.
सॉस मागितला तर देतो.
चेहरा मात्र मामाचा करतो.

अल्विन दर शनिवारी टर्की खातो.
टर्की, दोन काप, आणि व्लास्ताची काळी बिअर,
खिडकीजवळ, टोपी मांडीवर.
नऊ वर्षं.
लोक चिडवायचे, आता चिडवतही नाहीत.

आज रांगेत त्याचा नंबर आला.
मी टर्कीला हात घातला,
तर तो म्हणाला, ‘एकेचाळीस नंबर ना ही?’
कानातला पिवळा बिल्ला मला आठवत होता.
व्लास्तानं नळ बंद केला.
‘हो,’ मी म्हणालो.
‘फाटक उघडायला शिकली होती,’ तो म्हणाला. ‘जिभेनं.
तीन वेळा हमरस्त्यावरून आणली.’
मागच्या बाईनं पर्स उघडली, मिटली.
‘पाव पौंड दे.’
कोरडं की चरबीचं, हे विचारायचं राहून गेलं.
मी टोकाकडचा तुकडा दिला,
जिथे मीठ आणि आग सगळ्यात जास्त लागते.

खिडकीशी बसून तो सावकाश चावत राहिला,
दाताच्या डॉक्टरसमोर बसल्यासारखा ताठ.
मग ग्लास उचलून मला म्हणाला,
‘मीठ बरोबर आहे.’

अडीचला मांस संपलं.
उशिरा आलेल्यांनी मला शिव्या घातल्या,
मी त्यांना चुरा दिला, फुकट.
वळून पाहिलं तर अल्विन
तेलकट कागदाची घडी घालत होता,
चौकोनी, रुमालासारखी नीट,
आणि ती त्यानं सदऱ्याच्या खिशात ठेवली.
बसला तसाच, बिअर अर्धी.
खिशावर डाग हळूहळू मोठा होत गेला.
व्लास्तानं पाहिलं. मी पाहिलं.
त्याला कोणी सांगितलं नाही.